कुराणाचा अदब : मावळातून घेतलेला एक आढावा

खाफी खान हा काही शिवाजी महाराजांचा चाहता नव्हता. मुघलांच्या चाकरीत आयुष्य काढलेल्या या इतिहासकाराने महाराजांना दिलेली दूषणं वाचताना आजही डोकं तापतं. महाराजांच्या मृत्यूचा सन त्याने ज्या अक्षरांत बांधला, त्यांचा अर्थसुद्धा एक काफर नरकात गेला असाच निघतो. आणि तरीही ‘मुंतखब-उल-लुबाब’ या आपल्या फारसी ग्रंथात तो नोंदवून जातो, की महाराजांचा आपल्या लोकांना नियमच होता. लुटीच्या वेळी मशीद, कुराण आणि कुणाचीही बायकामाणसं यांना धक्का लावायचा नाही. कुराणाची प्रत हाती आली, तर महाराज तिचा मान राखत आणि पदरच्या एखाद्या मुसलमानाच्या हवाली करत. शत्रूने दिलेली साक्ष म्हणून ही नोंद भाषणांतून हमखास येते. ऐकणारे टाळ्या वाजवतात आणि विषय संपतो. कुराणाच्या बाबतीत मान राखणं म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं राहूनच जातं. ते कुणी, कसं, कधी हातात घ्यावं, कसं वाचावं, फाटलं तर काय करावं, आणि मुसलमान नसलेल्याने काय करावं? या प्रश्नांना बाराशे वर्षांच्या शास्त्रचर्चेची आणि तेवढ्याच जुन्या घरगुती रीतींची उत्तरं आहेत. ती एकसारखी मात्र नाहीत.

हे प्रश्न मावळातल्या भोर-वेल्ह्याच्या वाटेने विचारण्याला कारण आहे. तोरणा आणि राजगड हे दोन्ही किल्ले वेल्ह्यातले. आता तर तालुक्याचं नावच राजगड झालं आहे. रायगडाआधी स्वराज्याचा कारभार राजगडावरून चालायचा. पायदळाचा सरनोबत म्हणून ज्याचं नाव येतं तो नूरखान बेग, अफझलखानाच्या भेटीच्या वेळी सोबत असलेला सिद्दी इब्राहिम, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा काझी हैदर, अशी माणसं पदरी होती. खाफी खानाने कुणाचं नाव दिलेलं नाही. पण लुटीत आलेली प्रत ज्यांच्या हाती सोपवली जाई, ते याच गोतावळ्यातले असणार.

या नोंदीचं खरं वजन इस्लामी शास्त्र बाजूला ठेवून कळत नाही. कुराण घेऊन शत्रूच्या मुलखात जाऊ नये, असं प्रेषितांनी सांगितल्याची एक हदीस आहे. इब्न उमर यांच्याकडून ती आली आणि सगळ्या शास्त्रकारांनी ती विचारात घेतली. कारणही तिथेच दिलेलं आहे: प्रत शत्रूच्या हाती पडेल आणि तिची विटंबना होईल. पुढे हनफी शास्त्रकारांनी सूट दिली, की फौज मोठी आणि सुरक्षित असेल तर प्रत न्यायला हरकत नाही. मुघल आणि आदिलशाही फौजा स्वतःला मोठ्याच समजत असत. छावणीत काझी, इमाम, तिलावत म्हणजे पठण करणारे असे सगळे असत आणि सामानात कुराणाच्या प्रतीही. म्हणजे शास्त्रकारांनी ज्या प्रसंगाची भीती धरली होती, तोच प्रसंग दख्खनच्या लढायांत घडत होता. त्या प्रसंगी शत्रू कसा वागला, हे खाफी खान सांगतो आहे. महाराजांच्या उदारपणाचा दाखला म्हणून तर हे मोलाचं आहेच. पण हदीसमध्ये जी भीती आहे ती इथे खोटी ठरली, हेही एका मुसलमान इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. माझ्या मते हा दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा, आणि तो भाषणांत कधीच येत नाही.

आता मूळ नियमाकडे. छपन्नाव्या सूरहमध्ये, म्हणजे वाकिआ या प्रकरणात, शुद्ध असलेल्यांखेरीज कोणी या ग्रंथाला स्पर्श करत नाही, अशा आशयाची आयत आहे. हे शुद्ध म्हणजे कोण? इब्न अब्बास यांच्यासारख्या जुन्या भाष्यकारांनी ते फरिश्त्यांबद्दल घेतलं, म्हणजे स्वर्गातल्या मूळ ग्रंथाबद्दल. दुसरा आधार प्रेषितांनी येमेनला पाठवलेल्या पत्राचा. त्यात शुद्ध माणसानेच कुराणाला हात लावावा असं येतं. हनफी, शाफई, मालिकी, हंबली या चारही पंथांनी मिळून निष्कर्ष काढला तो असा, की वजू, म्हणजे हात-तोंड-पाय धुऊन घेतलेली शुद्धी, नसेल तर कुराणाच्या प्रतीला हात लावू नये. अकराव्या शतकातल्या स्पेनमधल्या इब्न हज्म यांनी मात्र हे सगळे आधार अपुरे ठरवून बाजूला सारले. त्यांचा पंथ फार टिकला नाही, पण मत ग्रंथांत राहिलं.

वजूची अट स्पर्शाला आहे, वाचेला नाही. तोंडपाठ असलेलं कुराण वजूशिवाय म्हणता येतं. शेताच्या बांधावर, एसटीच्या रांगेत, भात लावतानासुद्धा. मोठी अशुद्धी असेल, म्हणजे आंघोळ करणं आवश्यक असेल, तर मात्र म्हणणंही थांबवायचं. हा फरक घरोघरी नीट माहीत असतो असं नाही. अनेक घरांत ‘वजू नाही’ म्हणून ओठांवरची आयतसुद्धा गिळली जाते. शास्त्र जितकं सांगतं त्याच्यापुढे चार पावलं रीत जाते, हे या विषयात वारंवार दिसेल.

भोरचं भौगोलिक स्थान इथे कामाला येतं. देशावरचे मुसलमान बहुतेक हनफी, कोकणातले कोकणी मुसलमान शाफई. वरंधा घाट उतरला की महाड, आणि महाडपासून पुढे शाफई मुलूख. वेल्ह्याच्या बाजूने मढे घाटाच्या जुन्या वाटेनेही कोकणातच उतरायला होतं. दोन्हीकडचे लोक एकाच अल्लाहला सजदा करतात आणि कुराणही एकच वाचतात, पण ते हातात घेण्याच्या बारकाव्यांत फरक पडतो. हनफी मताने प्रतीपासून सुटं असलेलं जुझदान, म्हणजे ज्या कापडी पिशवीत कुराण ठेवतात ती, वजू नसतानाही धरून प्रत उचलता येते. शाफई मत इथे कडक आहे: कुराण आत असताना त्याची खास पिशवी किंवा पेटीसुद्धा वजूशिवाय हाताळू नये. मात्र इतर सामानासोबत ते नेलं जात असेल, तर ते नेण्याला शाफई ग्रंथही परवानगी देतात. म्हणजे एसटीच्या फळीवर कपड्यांच्या बॅगेत कुराण असलं, तर बॅग उचलायला अडचण नाही.

हनफी ग्रंथांतला एक बारकावा बायकांना रोज उपयोगी पडणारा आहे. ओढणीच्या टोकाने किंवा बाहीने धरून कुराण उचललं तर चालतं, असं बऱ्याच जणींना वाटतं. ग्रंथ म्हणतात, अंगावरचं वस्त्र हे अंगाचाच भाग. त्यामुळे ते चालत नाही. वेगळा रुमाल असेल तर चालतं. मासिक पाळीत हनफी आणि शाफई दोघेही प्रतीला हात लावू नये म्हणतात आणि वाचूही नये म्हणतात. मालिकी मात्र पाळीत पठण करू देतात, विशेषतः शिकणारी-शिकवणारी असेल तर. हनफींनीही मकतबात, म्हणजे मुलांच्या कुराणशाळेत, शिकवणाऱ्या बाईसाठी वाट काढली आहे: सलग आयत न म्हणता एकेक शब्द तोडून, थांबत थांबत शिकवायचा. महिन्यातले काही दिवस मुलींचा वर्ग बंद पडू नये, एवढा व्यवहार शास्त्रकारांनी ओळखला होता. लहान मुलांनाही दोन्ही पंथांनी सूट दिली आहे. सात-आठ वर्षांचं पोर दर वेळी वजू करून येणार नाही, आणि त्याच्यावर सक्ती केली तर ते शिकणारच नाही, असा सरळ विचार त्यामागे आहे.

दोन पंथांचा फरक कुराणाच्या पानावरच छापलेला पाहायला मिळतो. भारतात छापलेली एखादी प्रत उघडून सतराव्या पाऱ्याच्या, म्हणजे तीस भागांतल्या सतराव्याच्या, शेवटाकडे या. तिथे हज नावाची बाविसावी सूरह संपत आलेली असते. सत्याहत्तराव्या आयतीशेजारी समासात बारीक अरबी अक्षरांत लिहिलेलं असतं, की ही आयत वाचल्यावरचा सजदा, म्हणजे माथा जमिनीला टेकणं, इमाम शाफईंच्या मताने. पुढे तेविसाव्या पाऱ्यात साद सूरहमध्ये हनफी सजदा करतात, शाफई तिथला सजदा पठणाच्या सजद्यांत धरत नाहीत. दोघांच्याही सजद्यांची बेरीज चौदाच भरते, जागा तेवढ्या बदलतात. हनफींना हा सजदा वाजिब, म्हणजे केलाच पाहिजे असा, शाफईंना सुन्नत. महाडकडची मुलगी सून होऊन भोरकडच्या घरात आली, तर सासूबाई आणि ती एकाच प्रतीतून वाचताना एक जण सजद्यात जाईल आणि दुसरी बसून राहील. दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि छापणाऱ्याने दोघींची सोय केलेली असते.

त्याच पानाच्या समासात ऐन हे अक्षर आणि त्याच्या वर, पोटात, खाली असे तीन आकडे दिसतात. तो रुकू, म्हणजे वाचनाचा टप्पा. वरचा आकडा सूरहतला कितवा रुकू ते सांगतो, मधला त्यात किती आयती ते, खालचा पाऱ्यातला कितवा ते. ओळींच्या वर मीम, तो, जीम अशी चिमुकली अक्षरं असतात. कुठे थांबायचं आणि कुठे नाही ते त्यांवरून कळतं. मीम असेल तिथे थांबलंच पाहिजे, नाहीतर दोन वाक्यं जुळून भलताच अर्थ निघतो. वाचण्याचा अर्धा अदब या खुणांत आहे. हात धुण्याची शिस्त लहानपणी लागते. ही लागायला मात्र बरीच वर्षं जातात.

घरातल्या रीतींचा पसारा याहून मोठा. कुराण घरातल्या सगळ्यांत उंच फळीवर, जुझदानात. त्याच्यावर दुसरी कुठलीच वस्तू ठेवायची नाही. वाचायचं ते लाकडी रेहलवर, मांडीवर किंवा जमिनीवर नाही. उघडताना ओठांना, मग कपाळाला लावायचं. डोकं झाकलेलं. त्याच्याकडे पाय पसरायचे नाहीत, पाठ करायची नाही. उघडं टाकून उठायचं नाही, नाहीतर सैतान वाचतो. हातून पडलं तर त्याच्या वजनाइतकं धान्य तोलून गरिबाला द्यायचं. सासरी निघालेल्या मुलीला आणि परगावी निघालेल्या मुलाला कुराणाच्या खालून काढायचं. यातलं काय शास्त्र आणि काय संस्कार?

उत्तर थोडं गमतीचं आहे. ज्या औरंगजेबाशी मावळ्यांनी हयात लढून काढली, त्याच्याच हुकुमाने तयार झालेला ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा हनफींचा मोठा आधारग्रंथ. त्यात पुस्तकं एकमेकांवर कशी रचावीत याचा क्रम दिलेला आहे: भाषा-व्याकरण खाली, मग चढत चढत कायदा, हदीस, तफसीर म्हणजे भाष्य, आणि सगळ्यांवर कुराण. पाय पसरण्याबद्दल हा ग्रंथ मात्र आपल्या आजीहून सैल आहे. कुराण पायांच्या समोर त्याच पातळीवर नसेल, उंचावर असेल, तर पाय पसरायला हरकत नाही. चुंबन घेण्याला हनफी मान्यता देतात. इतर काही विद्वान त्याला नवी टूम म्हणतात. धान्य तोलण्याला कुठलाच आधार नाही. चूक झाली तर मनापासून माफी मागावी, एवढंच आलिम, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, सांगतात. सैतानाची गोष्ट लोकांची, कुराणाखालून जाण्याची रीत घरांची. पण मला या रीतींची टर उडवावीशी वाटत नाही. मावळातल्या ज्या घरात कुणालाच अरबी येत नाही, तिथे ग्रंथाचं मोठेपण मुलांना दाखवायला दुसरं साधन तरी कोणतं होतं? तक्रार करायची तर पुढची आहे: फळी इतकी उंच होत गेली, की ग्रंथ खाली येईनासा झाला.

गावगाड्यात तर फळीही नव्हती. पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांत मुसलमानाचं घर म्हणजे बहुधा मुलाण्याचं. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’त तो बलुत्यात गणलेला आहे. बकऱ्याच्या मानेवर सुरी फिरवताना अल्लाहचं नाव घ्यायचं, पिराच्या उरुसाला फातिहा द्यायची, ताबुताची व्यवस्था पाहायची, ही त्याची कामं. मराठ्यांच्या घरचं बकरंही तोच हलाल करायचा. अशा घरांत कुराण असलंच तर एखादी प्रत, आणि तोंडी असायच्या नमाजेपुरत्या चार-दोन सूरह. कुराण लोकांच्या हातात यायला आधी छपाई यावी लागली. शिळाछापाने प्रत स्वस्त केली, आणि त्यातही लखनौचे मुन्शी नवलकिशोर या हिंदू छापखानेवाल्याचा वाटा फार मोठा. त्यांच्या छापखान्यात कुराणाच्या कामावरचे लोक वजू करूनच शाईला हात लावत, असं सांगतात. मुद्रितं तपासायला हाफिज, म्हणजे कुराण पाठ असलेले लोक, ठेवले जात. म्हणजे एकोणिसाव्या शतकात या उपखंडातल्या कितीतरी मुसलमान घरांत पोचलेली प्रत एका हिंदूच्या कारखान्यातून, अदब सांभाळूनच बाहेर पडलेली होती.

मुसलमान नसलेल्याने कुराणाला हात लावावा का, या प्रश्नाचं उत्तर व्यवहाराने असं कधीच देऊन टाकलं होतं. शास्त्रातही ते बंद नाही. प्रेषितांनी रोमन बादशहा हिरॅक्लियसला पाठवलेल्या पत्रात कुराणातली आयत होती. ते पत्र बादशहाच्या हातात जाणार हे ठाऊक असूनच ती घातली होती. इमाम अबू हनिफांनी दुसऱ्या धर्माच्या माणसाला कुराण शिकवण्याला मान्यता दिली. आंघोळ करून त्याने प्रतीला हात लावला तर बिघडत नाही, असंही हनफी ग्रंथांत येतं. मालिकी आणि शाफई इथे जास्त सावध आहेत. म्हणून एखाद्या मौलानांनी हिंदू मित्राला आनंदाने प्रत दिली आणि दुसऱ्यांनी ‘तर्जुमा घ्या, मूळ नको’ म्हटलं, तर दोघांच्याही मागे परंपरा आहे. अपमान कुणीच केलेला नाही.

वाचण्याकडे येताना मकतबापासून सुरुवात करू. भोरकडच्या मुसलमान घरांतली बहुतेक मुलं मराठी शाळेत जातात. मकतबाची वेळ शाळेच्या आधी किंवा नंतर. आधी कायदा, म्हणजे अक्षरओळख; मग अम्म पारा, म्हणजे तिसावा पारा, कारण त्यात छोट्या सूरह आहेत; मग तीसही पारे नाजरा, म्हणजे पाहून वाचणं. 114 सूरह एकदा पूर्ण झाल्या की घरी गोडधोड होतं. काही मुलं पुढे हिफ्जला बसतात, सगळं पाठ करतात, आणि रमजानात तरावीहच्या नमाजेत तेच हाफिज महिन्याभरात पूर्ण कुराण ऐकवतात. कुणाच्या घरी मयत झाली की तीस पाऱ्यांच्या सुट्या पुस्तिका जमलेल्यांत वाटतात आणि तासाभरात कुराणखानी होते. तिथेही एक अदब आहे: कुराण पढलं जात असेल तेव्हा गप्प राहून ऐकावं, असं कुराणच सांगतं. सगळेच मोठ्याने वाचू लागले तर ऐकणार कोण? म्हणून पुटपुटत वाचायचं. हाच न्याय दुकानात तिलावत लावून गिऱ्हाइकाशी घासाघीस करणाऱ्याला आणि आयतीचा रिंगटोन अर्ध्यात कापून ‘हां बोल’ म्हणणाऱ्याला लावला, तर दोघांनाही बंद करा म्हणावं लागेल. आलिमही तेच म्हणतात.

तजवीद, म्हणजे उच्चारशास्त्र, हा मराठी जिभेचा खरा कस. आपल्याकडे ळ आहे, दोन प्रकारचे च-ज आहेत. पण घशातून येणारा ऐन नाही, खोल काफ नाही, आणि आपल्याला एकाच ‘ज’सारखे ऐकू येणारे चार वेगळे वर्ण अरबीत आहेत. एका काफने कल्ब म्हणजे काळीज, दुसऱ्याने कुत्रा. म्हणूनच देवनागरीत छापलेलं अरबी कुराण बाजारात खपत असलं, तरी आलिम त्याला विरोध करतात. हा विरोध मला पटतो. देवनागरीत नुक्ते देऊनही सगळे वर्ण वेगळे राहत नाहीत, आणि एकदा चुकीचं बसलेलं तोंड वळत नाही. त्यापेक्षा कायद्याची पुस्तिका आणि शिकवणारा माणूस बरा.

पण अर्थाचं काय? अर्थ न कळता केलेलं पठण वाया जातं असं इस्लाम मानत नाही. एकेका अक्षराला दहा पुण्यं, अशी हदीस आहे. तरी त्याच परंपरेत विचार करून वाचण्याची आज्ञाही तितकीच ठळक आहे. उपखंडात अर्थाचं दार शाह वलीउल्लाहांनी अठराव्या शतकात फारसी अनुवाद करून उघडलं, त्यांच्या मुलांनी उर्दू केलं. मावळातल्या माणसाला ते उर्दूही परकंच. घरात दख्खनी किंवा मराठी, शाळा मराठी, सातबारा मराठी. म्हणून मराठी अनुवादाची गरज खरी, आणि ती उशिरा भागली. मुंबईच्या इस्लामिक मराठी पब्लिकेशन्स ट्रस्टचं ‘दिव्य कुरआन’ आज सर्वांत जास्त दिसतं. त्याच्यामागे मौलाना मौदूदींचं उर्दू भाषांतर आहे. मुहम्मद शफी अन्सारी यांचा अनुवाद मुंबईच्याच अल-बिर्र फाउंडेशनने काढला. मौदूदींचा राजकीय विचार मला मान्य नाही, आणि अनुवाद वाचताना मागे कोण उभं आहे हे वाचकाने ध्यानात ठेवावं. पण मराठीत आयत वाचून तिच्याशी वाद घालता येतो, एवढी सोय या पुस्तकांनी केली हे कबूल करायला हवं.

अनुवादाला वजू लागते का? शाफई म्हणतात, अनुवाद म्हणजे कुराण नव्हे, लागत नाही. हनफी ग्रंथांत मात्र फारसीत लिहिलेल्या कुराणालाही वजूशिवाय हात लावणं नापसंत ठरवलं आहे, आणि त्याच धर्तीवर आजचे अनेक मुफ्ती उर्दू-मराठीबद्दल बोलतात. भाष्याचा मजकूर मूळ मजकुराहून जास्त असेल तर सूट मिळते. तळटिपांनी भरलेला जाडजूड मराठी ग्रंथ या हिशेबाने बिनधास्त उघडता येतो. मोबाइलच्या पडद्याबद्दल बहुतेक आलिम सैल आहेत: काचेवर दिसतो तो उजेड, कागदावरची अक्षरं नव्हेत. मजकूर पडद्यावर उघडा असताना मोबाइल घेऊन शौचालयात जाऊ नये, इतकंच.

महाराष्ट्रात कुराण खऱ्या अर्थाने वाचलेल्या हिंदूचं नाव घ्यायचं तर विनोबांचं घ्यावं लागेल. पेणजवळच्या गागोद्यात जन्मलेल्या या माणसाने चाळिशीनंतर अरबी शिकून मूळ कुराण पढलं, उच्चारांची मेहनत केली, आणि वर्षानुवर्षांच्या वाचनातून निवडक आयतींचं विषयवार संकलन केलं. ते ‘कुराण-सार’ 1962 साली आलं. ग्रंथाचा क्रम मोडून वेचे काढण्याचा अधिकार याला कुणी दिला, असा आक्षेप छपाईआधीच पाकिस्तानी वृत्तपत्रांतून झाला. पुस्तक हाती आल्यावर तो ओसरला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात विनोबा पूर्व पाकिस्तानातून पायी गेले. आक्षेप अगदीच निराधार नव्हता, कारण संकलन म्हणजे निवड आणि निवड म्हणजे मत. पण विनोबांनी आधी उच्चार कमावला आणि मग मत मांडलं, हा क्रम आजच्या दोन्ही बाजूंच्या वादपटूंनी पाहण्यासारखा आहे. औरंगजेबाला जिझियाविरुद्ध लिहिलेलं म्हणून जे फारसी पत्र महाराजांच्या नावावर प्रसिद्ध आहे आणि ज्याचा मसुदा नीळ प्रभू मुनशीचा मानतात, त्यातही हाच मार्ग आहे. कुराणाने ईश्वराला साऱ्या जगांचा पालनकर्ता म्हटलं, एकट्या मुसलमानांचा नव्हे, असा मुद्दा तिथे कुराणाच्या पहिल्याच सूरहवरून केलेला आहे. प्रत जपणं हा एक मान झाला. तिच्यातला शब्द घेऊन बादशहाला जाब विचारणं हा त्याहून मोठा.

जीर्ण प्रतींचा प्रश्न व्यवहारात सर्वांत जास्त अडवतो. पाठपुस्तिका, सुटे पारे, आयती छापलेली कॅलेंडरं, लग्नपत्रिका हे सगळं टाकायचं कुठे? पत्रिकेवर बिस्मिल्लाहऐवजी 786 घालण्याची रीत याच धास्तीतून पसरली. हनफी शास्त्र सांगतं, की प्रत वाचण्याजोगी उरली नाही तर स्वच्छ कापडात गुंडाळून, पायांखाली न येणाऱ्या जागी, माणसासाठी खणतात तशी कड काढलेली कबर खणून पुरावी. वाहत्या पाण्यात सोडण्याचीही मुभा आहे. जाळणं हनफींना नापसंत. पण तिसरे खलिफा उस्मान यांनी प्रमाण प्रत तयार झाल्यावर बाकीच्या जाळल्या होत्या, त्यामुळे इतर काही विद्वान त्याला परवानगी देतात. येमेनमधल्या सना शहराच्या मोठ्या मशिदीत लोकांनी जुनी पानं छताच्या पोकळीत ठेवून दिली होती; 1972 साली ती दुरुस्तीच्या वेळी सापडली आणि कुराणाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत गणली गेली.

मावळात पाण्याचा पर्याय मोहात पाडतो. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, जिकडे पाहावं तिकडे जलाशय. पण धरणाचं पाणी वाहतं नसतं. उन्हाळ्यात भाटघरचं पाणी उतरलं की कांबऱ्याचं कांबरेश्वराचं जुनं मंदिर आपोआप बाहेर येतं. तिथे जीर्ण पानांचं पोतं सोडलं तर मे महिन्यात तेही गाळात उघडं पडेल. ते कुणाच्या नजरेस पडेल आणि त्याचा फोटो कुठे फिरेल, याचा आज नेम नाही. गावच्या कब्रस्तानात पुरणं हेच शहाणपणाचं, आणि मशिदींतून जीर्ण पानांसाठी पेटी ठेवलेली असते ती त्यासाठीच.

कृती एकच असली तरी हेतूने तिचा अर्थ पालटतो, हे जगाने महागात शिकलं आहे. फेब्रुवारी 2012 मध्ये अफगाणिस्तानातल्या बग्राम तळावर अमेरिकी सैनिकांनी कुराणाच्या प्रती कचऱ्यासोबत जाळल्या. उसळलेल्या हिंसेत माणसं मेली आणि अमेरिकेच्या अध्यक्षांना माफी मागावी लागली. स्वीडन-डेन्मार्कात 2023 साली मुद्दाम चौकात जाळण्याचे प्रकार झाले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात डेन्मार्कच्या संसदेने धर्मग्रंथांच्या विटंबनेवर बंदी घालणारा कायदा केला. आपल्याकडे ही तरतूद जुनीच आहे. पवित्र वस्तूची विटंबना करण्याबद्दलचं भारतीय दंड संहितेचं 295 कलम आता भारतीय न्याय संहितेत 298 झालं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1958 साली पेरियार रामस्वामींविरुद्धच्या खटल्यात स्पष्ट केलं, की कुराण, बायबल, ग्रंथसाहिब ही पवित्र वस्तूच होत, तशीच मातीची गणेशमूर्तीही. उलट बाजूने, कुराणावरच बंदी घाला असा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयात आला, तो 1985 साली फेटाळला गेला. कायद्याने दोन्ही टोकं बांधलेली आहेत. मधलं सगळं माणसांच्या समजुतीवर.

ही समजूत वाढावी म्हणून एक काम भोर-वेल्ह्यात सहज होण्यासारखं आहे. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत ज्ञानेश्वरी असते, दासबोध असतो, कधी बायबलही असतं. त्यांच्या शेजारी कुराणाचा एक मराठी अनुवाद घ्यावा. वरच्या फळीवर ठेवावा, पण कुलपात नको. आणि ज्या घरात कुराण आहे त्या घरानेही रोज अरबी रुकू पढून झाल्यावर तोच रुकू एकदा मराठीत वाचावा. वाचताना शंका येतील. त्या पेशइमामांना विचाराव्यात, आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचाराव्यात.